तिचा तंबू माझ्या पाठीवर

मी पिशोरची. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कोणता माल किती आला, कुणी किती नेला, हे लिहिण्यात माझी आठ वर्षं गेली आहेत. शहरातल्या छावणी भागात ज्या घरी मी खेळायला जायचे, तिथं मला कोणतं काम मिळणार, हे खरं तर पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं.

तिथं मला माझी मैत्रीण घेऊन गेली. पॉलिटेक्निकला आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. तिच्या ओळखीचा एक आर्किटेक्ट दर रविवारी सकाळी आपल्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती चौघांना बसवून एक खेळ खेळवायचा. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट सांगणारा तो. आम्ही त्याला दादा म्हणायचो. खेळणाऱ्या आम्ही दोघी आणि कॉम्प्युटरवर नोकरी करणारे दोन मित्र.

मला तो खेळ लई आवडला. खेळातली माझी बाई डोंगरातली होती, धिप्पाड, कुणाला न भिणारी. मैत्रिणीची तिरंदाज होती, काडीसारखी. दोन वर्षं आम्ही त्या दोघींना घेऊन जंगलं तुडवली.

खेळात एक नियम असतो. ज्याची जेवढी ताकद तेवढंच सामान त्यानं उचलायचं. जास्त झालं की चाल मंदावते, आणखी झालं की पोहता येत नाही, चढता येत नाही. हे लिहून ठेवायचा सगळ्यांना कंटाळा. कोण लिहील, असं दादानं विचारलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "हिला द्या. हिचं कामच ते आहे." सगळे हसले. मीही हसले.

मी लांबट वही आणली. खेळाच्या पुस्तकातली वजनं पौंडात होती, ती किलोत करून घेतली. प्रत्येकाचं एक पान. दोर, कंदील, तेल, चार दिवसांचा शिधा, घोंगडी. तेल किती जळलं, बाण किती परत मिळाले, हे मी दर रविवारी विचारायचे आणि ते वैतागायचे. त्या दोन मित्रांपैकी एकजण मला स्टोअरवाल्या मॅडम म्हणायचा आणि माझ्या 'व्हय'ची नक्कल करायचा. मैत्रीण हसायची. तीही माझ्यासारखी खेड्यातलीच, फर्दापूरची, पण तिचं 'व्हय' तिनं पॉलिटेक्निकच्या पहिल्याच वर्षी सोडलं होतं.

एकदा स्वयंपाकघरात चहा ओतताना ती हळूच म्हणाली, की तिच्या तिरंदाजाला तंबू आणि ढाल झेपत नाहीत, तेवढं मी माझ्याकडं घेईन का. मी घेतलं आणि माझ्या पानावर लिहिलं. मग एकाचा घण आला. मग थडग्यात सापडलेली दगडी मूर्ती आली. माझं पान भरत गेलं. न लिहून चाललं असतं, कुणी बघत नव्हतं. मी लिहिलं.

थंडी सरतानाच्या एका रविवारी गोष्टीत नदी आली. पूल तुटलेला, मागं शत्रू. पोहूनच जायचं होतं. दादा म्हणाला, ज्याच्याजवळ हद्दीबाहेर ओझं असेल तो बुडणार, त्याला फासेही टाकायला मिळणार नाहीत. दोघा मित्रांतल्या पहिल्यानं सांगितलं, मी सामान मघाशीच टाकलं. टाकलं नव्हतं. दादानं मान डोलावली. दुसऱ्यानंही तेच सांगितलं, त्यालाही मान डोलावली. मैत्रिणीचं ओझं हलकंच होतं, कारण ते माझ्याकडं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मीपण टाकते.

"आता कसं टाकशील? तू पाण्यात उतरलीस," दादा म्हणाला. "वहीत काय लिहिलंय?"

वहीत त्या दोघांचंही लिहिलंय, असं मी म्हणाले. तो म्हणाला, त्यांनी त्यांचं सांगितलं, विषय संपला. मी मैत्रिणीकडं बघितलं. तंबू माझा आहे, तो मी काठावरच सोडायला सांगितला होता, एवढंच तिनं बोलायचं होतं. ती संत्रं सोलत होती.

"जाऊ दे गं, खेळच आहे. नवीन बाई बनव," ती म्हणाली.

माझी बाई बुडाली. दहा मिनिटांत बाकीचे तिघं पलीकडच्या काठाला लागले, आणि तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न निघाला, की मूर्ती तिच्याजवळच राहिली का.

बाहेर स्कूटरपाशी मी मैत्रिणीला विचारलं, तू बोलली का नाहीस. ती आधी म्हणाली, उशीर होतोय. मग म्हणाली, तू प्रत्येक गोष्ट मोजत बसतेस, माणसं वैतागतात. मी तिथंच उभी राहिले, म्हणून तिनं बाकीचंही सांगून टाकलं.

"त्यांना तू नकोच होतीस. वही लिहितेस म्हणून चाललं. दर रविवारी मलाच ऐकून घ्यावं लागायचं."

दोन वर्षं ती माझी लाज वाटून घेत माझ्या शेजारी बसली होती, आणि मला ते एकाही रविवारी दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. मी का आले नाही, हे कुणी विचारलं नाही. दुपारी ग्रुपवर दादाचा निरोप आला, वहीच्या पानांचे फोटो पाठवशील का, आम्हाला लागतील. मी पाठवले. एक फोटो हलला होता, तो पुन्हा काढून पाठवला. त्या दिवसाचा राग मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त येतो.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा फोन आला. खूप दिवसांनी, लाडानं. तिच्या धाकट्या दिराला नोकरी हवी होती, माझ्या कारखान्यात काही जमेल का. मी बघते म्हणाले. आमच्याकडं जागा होत्या. मी कुणालाही विचारलं नाही.