शेवटच्या ओळीवर दादाचा सदरा

आत्मा-बित्मा ऐकलं की मला हसू फुटतं, हे आधीच सांगतो. आमच्या बौद्ध घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. त्यात कोलशेतच्या एका कंपनीत पीडीएफ दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली. मजकुरामागचं चित्र स्क्रीनवर नीट बसतं आणि पीडीएफमध्ये फुगतं... हा रोग मी डोळे मिटून बरा करतो.

तर मंडळी, माझा थोरला भाऊ गेला. नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर निघालेल्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत 'शोकाकुल'खाली त्याने अख्खी भावकी छापली, मला सोडून. आमच्यात याचा अर्थ एकच — तू आमचा नाहीस.

मानपाड्याहून वहिनीचा फोन आला. दादाची पत्रिका मीच करायची, प्रेसवाल्याला पाचच्या आत पीडीएफ हवी.

वर्तकनगरला घरी भर दुपारी बसलो. मागे पांढऱ्या सदऱ्यातला दादा, फिकट केलेला. पुढे मजकूर, खाली नावं. शेवटचं माझं. निदान या कागदावर तरी मला त्याचा भाऊ व्हायचं होतं.

पीडीएफ काढली. फोटो फुगलेला! डोकं पानाबाहेर आणि सदरा थेट शेवटच्या ओळीवर चढलेला. माप टक्क्यांऐवजी मिलीमीटरमध्ये दिलं. तेच. फोटो बदलला, सॉफ्टवेअर बदललं. तेच. चिडून माझं नाव काढलं — दादा गपगुमान चौकटीत. त्या जागी माझ्या मुलीचं नाव टाकलं, माझ्या नावाहून लांब. चौकटीत. पुन्हा माझं टाकलं... सदरा वर!

मी चक्क टाळी वाजवली. म्हटलं, मानलं दादा तुला.

पाचला दहा कमी. माझ्या नावाशिवाय पाठवली.

कार्यक्रमात सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनी जवळ आली, हळूच म्हणाली, "भावोजी, सूड घ्यायला हाच कागद मिळाला का?"

काय सांगणार? चित्राचं माप बसत नव्हतं?

पुढच्या आठवड्यात ऑफिसात तीच फाइल माझ्या नावासकट काढली. पहिल्याच फटक्यात सगळं मापात. का, ते मला अजून कळलेलं नाही. मी मूर्खासारखी ती वहिनीला पाठवली... म्हणजे नाव बसत होतं, याचा पुरावा मीच दिला. तिने पाहिली.