कात्री लावण्याआधी

जुन्या जालन्यात मी शिलाई करते, त्या दुकानातल्या चाचांनी मला एका दुपारी वाचवलं. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना माझीच मला लाज वाटते.

मी सातवीत शाळा सोडली. गाव इथून एसटीनं दिवसभराच्या अंतरावर. गावाची खबर मिळते ती मोबाइलवरच्या ग्रुपमधून. त्या दुपारी ग्रुपवर अंगणवाडीतल्या पातळ खिचडीचा फोटो आला. खाली लोक अंगणवाडीच्या बाईंना चोर म्हणत होते. माझं डोकं तापलं. आणि खरं सांगू, बरंही वाटलं. सगळ्या गावासोबत चिडताना आपण गावातच बसलोय असं वाटत होतं. मी लिहिलं, ‘हिला हाकला. लेकरांच्या तोंडचं खाते.’ पाठवायचं तेवढं बाकी होतं.

“काय लिहून राह्यली बेटा?” चाचा म्हणाले. “मशीन कधीची बंद हाय तुझी.”

मी सांगितलं.

“मंग मोठ्यानं वाच.”

आमच्या दुकानाचा नियमच आहे. कापडाला कात्री लावण्याआधी वहीतलं माप एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून ‘बराबर’ म्हणायचं. कापलेलं कापड पुन्हा वाढत नाही.

“ती बाई समोर बसली समज. वाच.”

मी ‘हिला’ म्हटलं आणि अडकले. लहानपणी ह्याच बाईंच्या हातची खिचडी मी खाल्ली होती. मला आवडते म्हणून पातेल्याच्या तळाची खरवड त्या बाजूला काढून ठेवायच्या.

“आता गं? लिहिता येतं, वाचता येत न्हाई व्हय?” चाचा हसले. “पुसून टाक. जल्दी फोन लाव तिला.”

बाईंचा आवाज बसला होता. “तांदूळ आलाच नाही गं. होता तेवढ्यात पाणी वाढवलं, कुणी उपाशी जाऊ नये म्हणून. सकाळपासून विचारलं कुणीच नाही. तू ती खरवडवाली ना?”

मी तेच ग्रुपवर लिहिलं, आधी चाचांना वाचून दाखवून. दोघातिघांनी मलाही शिव्या घातल्या. मग एका लेकराच्या आईनं लिहिलं, ‘उद्या माझ्या घरचे तांदूळ घेऊन जाते.’

आता मोठ्यानं वाचल्याशिवाय ग्रुपवर काही पाठवत नाही. कधीतरी माझं स्वतःचं दुकान होईल. तिथला पहिला कुर्ता चाचांच्या ईदचा. माप मी मोठ्यानं वाचीन, आणि ते ‘बराबर’ म्हणेपर्यंत कात्रीला हात लावणार नाही.