उतारावरची आत्या

पावसानं वाहून गेलेली आपली माती पाटीत भरून पुन्हा उतारावर नेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. मिरजगावच्या बाजूच्या त्या गावात सगळे तिला आत्या म्हणत. मी तेव्हा बांधबंदिस्तीच्या कामावर नवाच लागलेला ओव्हरसियर. मीही आत्याच म्हणू लागलो.

आत्याचं दोन एकर मुरमाड रान वर आणि त्याला लागून खाली बापूंचं काळं, सपाट रान. दर पावसाळ्यात वरची माती खाली उतरायची आणि दर उन्हाळ्यात आत्या ती डोक्यावरून वर न्यायची. एका वर्षी बापूंनी तिची पाटी धरली.

"मी काय चोरून आनली व्हय, आत्या? पावसानं आनून टाकलीय."

"चोरली न्हाईस ना? मंग न्हिऊ दे की."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. उतार कसा मोजायचा ते मला येत होतं. वाहून आलेली माती कुणाची, हे कुणी शिकवलंच नव्हतं. मी चहा मागवला.

एवढं भांडून सुगीला ज्वारी काढायला आत्या बापूंच्याच रानात; मजुरीत मिळालेल्या ज्वारीवर तिचं अर्धं वर्ष निघायचं. विचारलं तर म्हणायची, "भांडन मातीचं हाय. बापू लई भला मानूस."

बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामं निघाली. बांधाची रेषा आत्याच्या रानाच्या खालच्या कडेनं आली. नांगराची चार तासं बांधाखाली जाणार म्हणून ती दोन दिवस तिथंच बसून राहिली. "माती जागेवर राहील, आत्या," असं मी छातीठोकपणे सांगितलं. मग त्याच बांधावर तिनं मजुरी केली.

पुढच्या पावसात माती खरंच थांबली. पण बापूंकडे उतरणारं पाणी आणि गाळही थांबला. त्यांची ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली, काढणीला त्यांनी कुणालाच बोलावलं नाही, आत्यालाही नाही. आत्याच्या वीतभर मातीत वर्षाचं खाणं पिकेना. बापू रस्त्यात दिसले की दुसरीकडे बघायचे.

आत्या लेकीकडे, साखर कारखान्याच्या गावाला निघाली, तेव्हा तिची वळकटी घेऊन मी स्टँडवर उभा होतो.

"भाऊसाहेब, बांध बरूबर झाला न्हवं?"

"हो आत्या, बरोबर झाला."

"मंग मी का निगाले?"

तेवढ्यात गाडी लागली. मी वळकटी टपावर चढवून खाली उतरलो, तर ती खिडकीशी बसून अजून माझ्याकडेच बघत होती. मी हात हलवला.