पाच दिवस टिकणारा बर्फ

लुइझियानातल्या खाडीवर मासे धरणारा म्हातारा अल्साइड दुकानातल्या चारशे डॉलरच्या बर्फपेटीवर बसून बघत होता. होडीत तीच तर बैठक!

“काका, यात बर्फ पाच दिवस टिकतो,” दुकानदार म्हणाला.

“पाच दिवस? अरे, सकाळचा मासा संध्याकाळी तळून अख्ख्या आळीला वाढायचा असतो! माझी बायको ओडील शिळा मासा घरात येऊ द्यायची नाही,” तो खेकसला.

ओडील गेल्यापासून कढई चुलीवर चढलीच नव्हती. एकट्याला न संपणारे मासे जुन्या पेटीत नासत होते, आणि तो बोल लावत होता पेटीला.

तो उठला. मासे घोळवायला मक्याचं पीठ नि तेलाचा मोठा डबा घेऊन त्याने शेजारणीला फोन लावला.

“आळीत सांग, आज मासे तळतोय. ओडीलसारखे जमणार नाहीत. नावं ठेवायची तर जेवून ठेवा!”