आमच्या घरची शुभवार्ता

सर्व आप्तेष्टांना कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आज सकाळी आमच्या सहा वर्षांच्या मुक्ताला घट्ट शी झाली आणि सलग आठव्या दिवशी रक्त दिसलं नाही! आईने टाळ्या वाजवल्या, बायकोने डोळे पुसले.

मुक्ताच्या आतड्यांना सूज आली, तेव्हापासून तिला वर्ज्य ते घरात सगळ्यांनाच वर्ज्य. चौघंही मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण जेवतो. मायेपोटी माणूस बेचव खातो खरा, पण जीभ काही पुरती शहाणी होत नाही. मी गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीआड, चोरून ठेचा चाटतो.

आज दुपारी पानावर बसताना मुक्ता सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, आज ठेचा इथेच खा ना, चादरीमागे किती उकडतं तुला!"