अण्णांच्या आवाजात बोलणारा भुऱ्या

आधीच सांगून ठेवते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज लोकांचं रक्त तपासायचं, रिपोर्ट काढायचे. जे रिपोर्टमध्ये येत नाही ते नसतंच, असं मानणाऱ्यांतली मी. इथले अनुभव वाचून लॅबमधल्या मैत्रिणींना दाखवून हसलेय सुद्धा. तेव्हा कमेंटमध्ये मला कुठल्या बाबाचा पत्ता देऊ नका. आणि "ताई, पोपट नक्कल करतात हो" हेही शिकवू नका. मला ठाऊक आहे. आधी पूर्ण वाचा, मग काय ते बोला.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहतो. दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. मी, नवरा नितीन आणि सासरे — अण्णा. मुलगी शिकायला पुण्यात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारायचे. भारदस्त, खर्जातला आवाज, आणि प्रत्येक वाक्याआधी 'हां' म्हणायची सवय. "हां, मनमाड-नांदगाव गाडी फलाट तीनला लागत आहे." भाजी आणायला गेले तरी "हां, मेथी कशी दिली?" अख्खी मंडई वळून बघायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि तो आवाज पूर्णच गेला. घशातून घुर्र असं काहीतरी यायचं, बस. समजत मात्र सगळं होतं. डाव्या हाताने माझा हात एकदा दाबला की 'हो', दोनदा दाबला की 'नाही'. त्यावर आमचं छान चाललं होतं. खरंच छान. मी बडबडायचे, ते डोळ्यांनी हसायचे.

पोपट आणायची कल्पना माझ्या मुलीची. आजोबांना सोबत होईल म्हणाली. पंचवटीत नंदाताई म्हणून एक बाई जखमी पक्ष्यांना सांभाळतात, त्यांचा नंबर तिनेच काढला. आपला हिरवा पोपट घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे मला नंदाताईंनीच सांगितलं. त्यांच्याकडे होता तो आफ्रिकन ग्रे. राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा, परदेशी, रीतसर कागदपत्रं असलेला. सुरतेला एका बंद फ्लॅटच्या बाल्कनीत कोणीतरी त्याला सोडून गेलं होतं. डावा पंख मोडलेला, एक डोळा पांढरा, आणि छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून टाकलेली. नुसतं गुलाबी कातडं.

"याला उंच दांडी चालत नाही, पडतो," नंदाताई म्हणाल्या. "पिंजऱ्यात खाली टॉवेल घाला, दांडी बुटकी, तीही फडक्याने गुंडाळलेली. खायला उकडलेला मका, डाळिंबाचे दाणे. रोज औषध. आणि बोलेल बिलेल ही अपेक्षा ठेवू नका. माझ्याकडे आल्यापासून हूं की चूं केलेलं नाही त्याने."

मी म्हटलं, बरंच आहे. आमच्याकडे दोघं न बोलणारे होतील.

त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. पिंजरा हॉलमध्ये, अण्णांच्या खुर्चीसमोर.

पहिल्या दिवसापासून त्याचा आमच्यावर राग. मी औषध द्यायला हात घातला की चोच रोवायचा, आणि सोडायचा नाही. नितीनच्या अंगठ्याला टाके घालावे लागले. अण्णांकडे मात्र तो आपला चांगला डोळा करून तासन् तास बघत बसायचा. हलायचा नाही. मला वाटलं, जमतंय दोघांचं.

एका रविवारी दुपारी मी अण्णांना मऊ भात भरवत होते. चमचा त्यांच्या तोंडात होता.

"हां, मीठ नाही यात."

"थांबा अण्णा, आणते," असं म्हणून मी उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेसुद्धा... आणि तिथे माझे पाय थांबले. वळून बघितलं. अण्णांच्या तोंडात चमचा तसाच होता आणि ते डोळे फाडून पिंजऱ्याकडे बघत होते.

भुऱ्या टॉवेलवर बसला होता. मान वाकडी करून पुन्हा म्हणाला, "हां, मीठ नाही यात."

भात चाखला. मीठ खरंच घातलं नव्हतं.

नितीन आतून धावत आला. त्याला वाटलं, वडील बोलायला लागले. खरं काय ते कळल्यावर आधी हसला, मग रडला. आता तुम्ही म्हणाल, पक्ष्याने कुठेतरी ऐकलं असेल. कुठे? अण्णांचा आवाज गेल्यावर दीड वर्षाने तो या घरात आला. त्याआधी सुरतेत आणि पंचवटीत. अण्णांच्या आवाजाचं घरात एकही रेकॉर्डिंग नाही — आम्ही शोधलं. आमच्या लग्नाची कॅसेट आहे, तिला बुरशी लागलेली, आणि ती लावायला मशीनही नाही.

पहिले काही दिवस घरात सणासारखं वातावरण होतं. नितीन त्याच्या दुकानातून आला की पिंजऱ्यासमोर बसायचा. "अण्णा, काय म्हणताय?" असं पोपटाला विचारायचा. मला ते आवडत नव्हतं. खरे अण्णा बाजूलाच बसलेले असायचे.

मग भुऱ्याचं बोलणं बदललं.

"हां, ही मला उपाशी ठेवते."

"हां, ही माझ्या मरणाची वाट बघते."

त्याच आवाजात, गाडी पुकारावी इतकं स्पष्ट. मी पोळ्या लाटत असायचे आणि हॉलमधून यायचं — "हां, ही चोर आहे." मी बाहेर आले की गप्प. चांगला डोळा माझ्यावर.

नितीन आधी म्हणायचा, "अगं, पोपट आहे तो." पण थोड्या दिवसांनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णांना दुपारी काय दिलं होतंस?"

"का?"

"काही नाही. बारीक झालेत, म्हणून."

बारीक झाले होते हे खरंच. कारण अण्णा माझ्या हातचं खाईनासे झाले होते. चमचा पुढे नेला की मान वळवायचे, ओठ घट्ट. नितीनने भरवलं तर खायचे, पण त्याचं दुकान अकराला उघडणार, तो किती वेळा भरवणार? मी हात पुढे करून विचारलं, "अण्णा, माझ्यावर रागावलात का?" त्यांनी हात दाबला नाही. काढून घेतला.

काय वाटलं असेल मला? दोन वर्षं ज्यांचं सगळं केलं — सगळं म्हणजे काय ते घरात आजारी माणूस असलेल्यांना कळेल — त्यांच्या मनात हे आहे? म्हणजे पक्षी नुसता त्यांचा आवाज नाही, त्यांचं मनही बोलतोय? लॅबमध्ये बसणारी मी असा विचार करत होते. मीही त्यांच्याशी बोलायचं सोडलं. ताट ठेवायचं, तोंड पुसायचं, बास. नितीन आणि मी तर भांडायलाच एकमेकांसमोर यायचो.

त्यात नणंद आली. वैशालीताई नितीनपेक्षा मोठ्या, नांदगावला दिल्यात, शेती आणि किराणा दुकान. अण्णांना बघून त्यांनी पिशवी दारातच टाकली.

"काय हाडं निघाली गं मीना यांची!"

तेवढ्यात पिंजऱ्यातून आलं, "हां, आलीस का माझ्या बाई?"

वैशालीताई मटकन खालीच बसल्या. त्या लहान असताना अण्णा त्यांना 'माझ्या बाई' म्हणायचे. हे मला त्या दिवशी कळलं. नितीनलाही नीट आठवत नव्हतं. त्या पिंजऱ्याचे गज धरून रडायला लागल्या. "अण्णा... परत बोला ना अण्णा..."

भुऱ्या बोलला. "हां, ही मला जेवायला देत नाही. मला इथून ने."

मग जे झालं ते झालंच. वैशालीताई डोळे पुसून उठल्या आणि माझ्यावर आल्या.

"हे काय ऐकतेय मी?"

"ताई, पोपट बोलतोय तो. अण्णा नाही!"

"आवाज कुणाचा हाय मग? तुझ्या बापाचा?"

"अण्णांना विचारा ना! ते समोर बसलेत, हात धरून विचारा!"

त्यांनी विचारलं. "अण्णा, ही छळते का तुम्हाला?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता. त्यांना माझी भीती वाटत होती. त्यांनी मुलीचा हात एकदा दाबला.

"लय झालं," वैशालीताई म्हणाल्या. "मी घेऊन जाते त्यांना. आणि चार माणसांत सांगते तू काय बाई आहेस ते."

मी नितीनकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी ते दोघं बहीण-भाऊ अण्णांना न्यायला मोठी गाडी ठरवायला गेले. तासाभरात येतो, असं अण्णांना सांगून. मी लॅबला गेले होते, पण कामात लक्ष लागेना, म्हणून सुट्टी टाकून दुपारच्या आधीच निघाले. जिना चढून आले, कुलपात किल्ली घातली... आणि आतून आवाज आला.

माझा.

"आ करा अण्णा. आ करा बघू. असं काय करता?"

भरवताना मी जशी बोलते, अगदी तशी. तोच लाडीगोडीचा सूर. मी दारात उभी, आणि मी आत बोलतेय.

"खा ना. यात काय कालवलंय ते नाही विचारायचं. मुकाट्याने गिळायचं. किती दिवस राहणार अजून? मरा ना एकदाचे... आ करा."

मी हे कधीच बोलले नाही. माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगते, एकदाही नाही.

दार उघडलं. भुऱ्या पिंजऱ्याच्या गजांना अगदी चिकटून बसला होता. समोर खुर्चीत अण्णा. डोळे मिटलेले, आणि डाव्या हाताने डावा कान दाबून धरलेला. एकच हात चालतो त्यांचा. दुसरा कान उघडाच.

माझ्या लक्षात आलं. मी पहाटे लॅबला जाते, नितीन अकराला दुकानात. मी येईपर्यंतचा वेळ हे दोघं घरात एकटे. रोज. किती आठवडे हा माणूस हे ऐकत होता? ओरडता येत नाही, उठता येत नाही, कोणाला सांगता येत नाही. आणि मग मी यायचे, आणि त्याच सुरात म्हणायचे, "आ करा अण्णा."

मी टॉवेल टाकून पिंजरा झाकला आणि ओढत गॅलरीत नेऊन दार लावलं. मग अण्णांच्या पायाशी बसले. "अण्णा, डोळे उघडा. तोंडाकडे बघा माझ्या. ती मी नव्हते. तुमच्या आवाजात तो मलाही असंच बोलत होता... मला वाटलं ते तुमच्या मनातलं आहे, तसंच तुम्हाला वाटलं हे माझ्या मनातलं."

ते कितीतरी वेळ बघत राहिले. मी आतून वरण-भात कालवून आणला. त्यांच्यासमोर निम्मा मी खाल्ला, त्याच चमच्याने. मग चमचा पुढे केला. मान वळली नाही, पण तोंडही उघडेना. मी तशीच हात धरून बसले.

तेवढ्यात नितीन आणि वैशालीताई आले. ताई काही बोलणार, तोच गॅलरीच्या बंद दाराआडून आलं:

"घेऊन जा या मढ्याला. घाण गेली घरातली."

माझा आवाज. मी ताईंच्या समोर, जमिनीवर, ओठ मिटून बसलेली. वैशालीताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बघतच राहिल्या. नितीनने जाऊन गॅलरीचं दार उघडलं, टॉवेल उचलला आणि पुन्हा तसाच टाकला.

"अण्णा," ताईंनी खाली बसून विचारलं, "हे... हे रोज?"

अण्णांनी हात एकदा दाबला. आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी तोंड उघडलं. मी भरवलं. आम्ही तिघंही रडत होतो, आणि ते जेवत होते.

त्याच दिवशी भुऱ्याला पंचवटीत परत नेलं. रिक्षात टॉवेलखाली तो अगदी शांत होता. नंदाताईंना खरं सांगितलं तर त्या चिडल्या. "सांभाळणं होत नाही असं सरळ सांगा ना! आजारी जनावरावर काय आळ घेता?" त्यांचं चुकलं नाही. मीही तेच म्हटलं असतं. मध्यंतरी फोन केला होता. तो तिथेच आहे, खातो-पितो, छातीवर थोडी पिसंही आलीत. बोलत नाही. एक शब्दही नाही.

माझ्या आवाजाचं एकवेळ समजू शकते. पक्ष्याने तो रोज ऐकला होता. पण शब्द? ते कोणाचे? आणि अण्णांचा आवाज त्याला कुठे मिळाला? 'माझ्या बाई' कुठून आलं? मी पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले. इथे कोणाकडे उत्तर असेल तर द्या. भूत, करणी हे शब्द वापरणार असाल तर राहू द्या. आणि आमच्या घरात कोण कोणाला काय बोललं असेल याचे अंदाज बांधणार असाल तर तेही राहू द्या. ते एकदा आमच्याच माणसांनी बांधून झालेत.

वैशालीताई आता महिन्यातून एकदा येतात, आल्यावर आधी माझ्याजवळ बसतात. झालं त्याबद्दल आम्ही बोलत नाही. नितीनला मी माफ केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णांना स्पीच थेरपी सुरू आहे. परवा दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि हॉलमधून आवाज आला. "पाणी."

चिरका, तुटका, पण आवाज त्यांचाच. दोन-अडीच वर्षांतला पहिला शब्द. याच शब्दासाठी घरातल्या सगळ्यांनी किती वाट पाहिली होती. मी पेला भरला आणि दारातच उभी राहिले. पुढे पाऊल टाकवेना.

"अण्णा," मी तिथूनच म्हटलं, "परत म्हणा ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं मी का विचारतेय. सावकाश, मला नीट दिसेल असे ओठ हलवत ते म्हणाले, "पा... णी."

मग मी आत गेले.