काढून टाकलेला वाल

रुपराव मिस्त्रींनी कधी नाकावर माशी बसू दिली नाही. कामठी रोडवर, जरीपटक्याकडं वळायच्या आधी, त्यांचं गॅरेज छत्तीस वर्षं उभं आहे, आणि या छत्तीस वर्षांत 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नाहीत. घरात बायकोनं, शामलाबाईंनीही नाही. नट तुटला तर नट हलका, गाडी परत आली तर चालवणारा गाढव. माणूस वाईट नव्हता बरं, उलट दिलदार होता. फक्त आपल्या हाताला चूक करता येते हे त्या हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या सोमवारी सकाळी अकराला मेघाची सात सीटची पांढरी गाडी वाफा सोडत दारात आली. मेघा कन्हानची. सोमवारी आणि गुरुवारी ती तिकडच्या तीन पेशंटांना डायलिसिससाठी नागपूरला आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची. आज वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला तशी तिनं गाडी सावलीला घेतली, तिघांना ऑटोत बसवून दवाखान्यात पाठवलं आणि मग थोडी थोडी चालवत गॅरेज गाठलं.

"काका, चार वाजता त्यायले परत न्यायचं हाय. होईन ना?"

"पाण्याचा पंप गेला असंल. दोन घंट्यात देतो. तू चहा घे वं," रुपराव म्हणाले. बोनेट अजून उघडलंही नव्हतं.

उकळत्या रेडिएटरचं झाकण लगेच उघडणारा एकतर नवशिका असतो नाहीतर भाजलेला. रुपरावांनी तासभर थांबून, वर ओलं पोतं टाकून ते सोडवलं. पाणी बरंच खाली गेलं होतं. पंखा हातानं मोकळा फिरत होता. पाइप कुठं फुटलेला नव्हता. पंपातूनही थेंब गळत नव्हता. त्यांनी पाणी भरलं, झाकण उघडंच ठेवलं आणि मेघाला गाडी सुरू करायला सांगितली.

पाण्यात बुडबुडे आले. भरताना अडकलेली हवा अशी निघते, म्हणून ते थांबले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बुडबुडे काही थांबेनात. "जरा रेस दे," ते म्हणाले. तिनं पाय दाबला आणि पाणी भसकन उसळून त्यांच्या शर्टावर आलं. मागं जाऊन पाहिलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि धुराखाली हात धरला तर तळवा ओला.

इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये पत्र्याची एक पातळ गॅसकेट असते. आतली आग आणि पाणी एकमेकांना भेटू न देणं एवढंच तिचं काम. ती फुटली होती. आता आग पाण्यात घुसत होती आणि पाणी आगीत.

तरी मनात एक लबाड आशा होतीच. त्यांनी ऑइल पाहिलं. स्वच्छ होतं, पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं. म्हणजे पाणी भरून ही गाडी दहा-पंधरा किलोमीटर निघेलही, असं वाटलं. आणि न निघाली तर? डायलिसिस करून गळून गेलेली तीन माणसं पंचेचाळीस डिग्रीत कन्हानच्या पुलावर बसलेली त्यांना दिसली.

"इंजन बंद कर," ते म्हणाले. "गॅसकिट गेली. हेड उतरवावं लागते. ही गाडी आता एक फूट हलवाची नाई."

मेघाचा चेहरा उतरला. "काहून गेली, काका?"

तेच तर पाहायचं होतं. वरच्या पाइपाच्या तोंडाशी थर्मोस्टॅटचं घर असतं. त्या थर्मोस्टॅटला गॅरेजात सगळे वाल म्हणतात. रुपरावांनी ते घर उघडलं. कडेला लाल पेस्ट होती, त्यांच्याच बोटानं लावलेली. आत वाल नव्हता. मार्चमध्ये त्यांनीच काढला होता.

उन्हाळा लागला की वाल काढून टाकायचा, म्हणजे पाणी मोकळं फिरतं आणि इंजिन थंड राहतं, हे त्यांना त्यांच्या उस्तादानं, देवाजींनी शिकवलं होतं. जुन्या जीपगाड्यांना ते चालूनही गेलं. पण अशा इंजिनात पाण्याला आतून एक आखूड वाट असते. वाल उघडताना ती वाट बंद करतो आणि सगळं पाणी रेडिएटरकडं लावतो. वालच नसला की अर्धं पाणी तापलेलंच आत गरागरा फिरतं. समोरच्या गॅरेजातल्या साहिलनं हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "तू मले शिकवशील का गा?" म्हणून रुपरावांनी त्याला चार लोकांत हसून वाटेला लावलं होतं.

"ऊन हाय ना," त्यांच्या तोंडून निघालं. "ऊनच असं हाय औंदा."

मेघा खाली बघत होती. "नाई काका, मायीच चूक हाय. मागच्या सीटवर गोविंदाकाकाले उलटी होऊन राहिली होती, म्या तिकडं पाहिलं. काट्याकडं ध्यान उशिरा गेलं. मंग इथवर चालवतबी आणली."

इथं गप्प बसणं किती सोपं होतं! पोरगी स्वतःहून दोष अंगावर घेत होती, ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. रुपरावांनी हात पुसायचं फडकं उचललं, ठेवलं, परत उचललं.

"तुयी चूक नाई," ते म्हणाले. "वाल म्या काढला होता. या इंजनाचा काढाचा नसते. मायं चुकलं."

मेघा रडली नाही, भांडलीही नाही. तिनं मोबाइलवर वेळ पाहिली.

"चार वाजता न्यायले गाडी मी साहिलले मागतो," ते घाईनं म्हणाले. "त्याच्याकडं हाय एक."

"थे ठीक हाय. औंदा किती गाड्यायचा वाल काढला तुमी?"

त्यांनी मनात मोजलं. "अकरा. तुयी धरून."

"मंग बाकीच्या दहा आता कुठं हायेत, काका?"

रुपराव एकेक गाडी आठवू लागले. एक रोज रामटेकला जायची. एक लग्नाची वऱ्हाडं वाहायची. त्यांनी मोबाइल काढला आणि कवडूला, त्या लग्नाच्या गाडीवाल्याला, फोन लावला.

"कवडू, उद्या गाडी घेऊन ये गा. वाल बसवाचा हाय. कंपनीनं नवीन सांगितलं हाय." पलीकडून कवडू म्हणाला, गाडी मस्त चालून राहिली, सीझन संपू द्या, मग येतो. फोन बंद झाला.

"अशानं कोणी येईन का?" मेघा म्हणाली. "मले सांगितलं तसं सांगा."

भर दुपारी रस्ता ओस पडला होता. समोर साहिल गॅरेजच्या दारात उभा होता, आवाज पोचेल इतक्या अंतरावर. रुपरावांनी त्याच्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं आणि तोच नंबर परत लावला.

"कवडू, गाडी जिथं असंल तिथंच थांबव," ते मोठ्यानं म्हणाले. "मायं चुकलं."

साहिलनं मान वर केली. अजून नऊ जणांना हेच सांगायचं होतं.